घरपट्टी अडीचपट झाली. हरकत नेमकी कशावर घ्यावी?

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी विचारले आहे, ते थोडक्यात असे. त्यांचे १९९६ मध्ये बांधलेले रो-हाऊस आहे. घरपट्टी वर्षानुवर्षे साडेचार हजार रुपयांच्या आसपास येत असे. मागील वर्षी दोन माणसे येऊन घराची मोजणी करून गेली आणि यंदाचे बिल ११,६४० रुपयांचे आले. पुढच्या खोलीत त्यांच्या सूनबाई काही वर्षांपासून ब्यूटी पार्लर चालवतात आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली काढलेली आहे. शेजारचे घर अगदी तसेच, एकाच बिल्डरने बांधलेले. पण त्यांचे बिल अजूनही पाच हजारांच्या आत आहे. कोणी सांगते आधी भरा आणि मग बोला, कोणी सांगते प्रकरण मिटेपर्यंत एक रुपयाही भरू नका. अशा वेळी काय करावे?

मी स्थापत्य अभियंता आणि मूल्यांकनकार म्हणून नाशिकमध्ये काम करतो आणि घरपट्टीच्या हरकती तयार करणे, सुनावणीला मालकांसोबत उभे राहणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. बिलावरील रकमेविरुद्ध हरकत घेऊन काहीही साधत नाही, कारण ती रक्कम म्हणजे केवळ गुणाकाराचे उत्तर असते. हरकत घ्यायची ती गुणाकारात घातलेल्या आकड्यांवर. आपल्या घराविषयीच्या महापालिकेच्या नोंदवहीत क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार व वर्ष, आणि त्यावरून लावलेला दर यांपैकी नेमके काय बदलले, हे कळेपर्यंत आपले बिल योग्य आहे की अयोग्य, हे मी किंवा दुसरे कोणीही सांगू शकत नाही. आपण दिलेल्या माहितीवरून निदान दोन कारणांनी बिल वाढणे रास्त दिसते. ते इतके वाढावे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि तोच तपासायचा आहे.

बिल कसे तयार होते, हे आधी पाहू. नाशिकमध्ये घरपट्टी भाडेमूल्याच्या पद्धतीने आकारली जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’ मध्ये कराधानाचे नियम आहेत आणि त्यांतील नियम ७ प्रमाणे, ते घर वर्षभरासाठी भाड्याने दिले तर वाजवीपणे जितके भाडे अपेक्षित आहे त्यातून दुरुस्ती व इतर खर्चापोटी दहा टक्के वजा करून उरते ते करयोग्य मूल्य. हे अपेक्षित भाडे प्रत्येक घरी जाऊन विचारले जात नाही. परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार दर चौरस फुटाचा मासिक दर ठरलेला असतो आणि तो क्षेत्राने गुणला जातो. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या किमतीवर, कर आहे आणि तेथे २०२२ च्या सुरुवातीला पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना माफी जाहीर झाली. त्या माफीचा दाखला देऊन नाशिकमध्ये अर्ज करणारे अनेक जण मला भेटतात. तो अर्ज येथे लागू पडत नाही आणि त्यात हरकतीचे दिवस मात्र निघून जातात.

आता एक उदाहरण घेऊ. यातील दर मी केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते महापालिकेचे दर नव्हेत. समजा, घराचे क्षेत्र ९०० चौरस फूट आहे, निवासी दर दरमहा चौरस फुटाला एक रुपया आहे आणि निवासी करांची बेरीज करयोग्य मूल्याच्या चाळीस टक्के आहे. वर्षाचे भाडेमूल्य १०,८०० रुपये, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ९,७२० रुपये आणि घरपट्टी ३,८८८ रुपये. आता त्याच घरातील १५० चौरस फुटांच्या खोलीची नोंद बिगरनिवासी झाली, तिला चौपट दर लागला आणि बिगरनिवासी करांची बेरीज पन्नास टक्के धरली, तर काय होते ते पाहा. उरलेल्या ७५० चौरस फुटांचे करयोग्य मूल्य ८,१०० रुपये आणि त्यावरील कर ३,२४० रुपये. त्या एका खोलीचे करयोग्य मूल्य ६,४८० रुपये आणि त्यावरील करही ३,२४० रुपये. घराच्या सहाव्या हिश्शाची खोली निम्मी घरपट्टी आणते आणि एकूण बिल ३,८८८ वरून ६,४८० वर जाते. मोजणीत भिंत सरकली नाही, महापालिकेने दर वाढवले नाहीत, केवळ ‘वापर’ या रकान्यातील एक शब्द बदलला. म्हणून मी नेहमी सर्वांत आधी वापराचा रकाना पाहतो आणि क्षेत्राचा त्यानंतर.

बिलात दिसणारे वेगवेगळे कर सगळेच महापालिकेचे नसतात, हेही लक्षात ठेवावे. सर्वसाधारण कर, पाणी व मलनिस्सारणाशी संबंधित कर, वृक्षकर हे महापालिकेसाठी. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनासाठी महापालिका गोळा करते. यांतील राज्याचा शिक्षण कर टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणजे करयोग्य मूल्य वरच्या टप्प्यात गेले की टक्केवारीही वाढते, आणि बिगरनिवासी वापराला ती अधिक असते. रोजगार हमी कर तर बिगरनिवासी भागालाच लागतो. त्यामुळे करयोग्य मूल्य दुप्पट झाल्यावर बिल दुपटीपेक्षा जास्त झालेले दिसले, तर ती लगेच बेरजेची चूक समजू नये. आपल्या जुन्या बिलात रोजगार हमी कराचा रकाना रिकामा असेल आणि नव्या बिलात तेथे आकडा असेल, तर पार्लरची नोंद बिगरनिवासी झाली आहे हे तेवढ्यावरूनच समजते.

यापुढील काम कागद मिळवण्याचे आहे. आपले घर ज्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत येते तेथील घरपट्टी विभागाकडे आपला इंडेक्स नंबर, म्हणजे मिळकतीचा क्रमांक, देऊन मिळकतीच्या कर आकारणीचा जुना उतारा आणि नवा उतारा, मोजणीच्या वेळी भरलेला तक्ता व काढलेला कच्चा नकाशा, लावलेल्या दराचा आधार असलेला आदेश, आणि आपल्याला विशेष नोटीस (करयोग्य मूल्य वाढवताना मालकाला द्यावी लागणारी) बजावल्याची पोच, अशा चार गोष्टींच्या प्रती लेखी अर्जाने मागाव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. प्रती मिळण्यास उशीर होत असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा. त्याला तीस दिवसांची मुदत आहे. परंतु माहितीची वाट पाहत हरकत थांबवू नये, हे मी पुढेही सांगणार आहे.

जुना आणि नवा उतारा शेजारी शेजारी ठेवला की निम्मे प्रकरण उलगडते. त्यानंतर घराची मोजणी आपण स्वतः करावी, आणि ती कशी करावी हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त फरक येथेच सापडतो. समजा, आपले रो-हाऊस बाहेरून तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद आहे, आणि भिंती नऊ इंचांच्या आहेत. बाहेरून टेप धरला तर एका मजल्याचे क्षेत्र ४५० चौरस फूट येते. आतून धरला तर लांबी साडेअठ्ठावीस आणि रुंदी साडेतेरा, म्हणजे सुमारे ३८५ चौरस फूट. एका मजल्यावर ६५ चौरस फुटांचा फरक पडतो, आणि दोन मजले धरले तर एका चांगल्या खोलीएवढे क्षेत्र केवळ टेप कोठे धरला यावर अवलंबून राहते. रो-हाऊसमध्ये तर शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असते. बाहेरून मोजताना ती पूर्ण भिंत दोन्ही घरांच्या नावावर धरली गेली का, हे तपासावे. मोजणीच्या वेळी घराला कुलूप असेल किंवा घरातल्यांनी आत येऊ दिले नसेल, तर मोजणी बाहेरूनच होणार. जुनी आकारणी कोणत्या क्षेत्रावर होती आणि नवी कोणत्या क्षेत्रावर आहे, चटई (भिंतींच्या आतील) की बांधीव (भिंतींसह), हा प्रश्न हरकतीत थेट विचारावा. एकाच घराची पहिली आकारणी एका मापाने आणि दुसरी दुसऱ्या मापाने झाली असेल, तर घरात एक वीटही न वाढता क्षेत्र वाढलेले दिसेल, आणि हा मुद्दा सुनावणीत फार प्रभावी ठरतो.

उघडी गच्ची, छत नसलेले अंगण, पार्किंगची मोकळी जागा, पोर्च आणि जिना यांची नोंद कशी झाली आहे तेही वेगळे पाहावे. यांतील काही भाग आकारणीत येतात, काही कमी दराने येतात आणि काही येत नाहीत. आपल्या उताऱ्यात ते राहत्या खोल्यांत मिसळले गेले आहेत का, एवढाच प्रश्न आपल्यापुरता महत्त्वाचा आहे. मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला आपल्याकडे असेल तर त्यावरील क्षेत्राचा तक्ता हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. १९९६ च्या घरांचे हे कागद अनेकांकडे नसतात, तेव्हा खरेदीखतातील क्षेत्र आणि परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही-शिक्क्यानिशी दिलेला मोजमापाचा नकाशा पुढे करावा. त्या नकाशावर प्रत्येक खोलीची आतील लांबी-रुंदी लिहिलेली असावी आणि बेरीज शेवटी एकाच ठिकाणी असावी. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पाच-दहा मिनिटांत जे एका नजरेत दिसते तेच त्याच्या मनात राहते.

आता पार्लरविषयी. येथे मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. घराच्या एका खोलीत नियमितपणे व्यवसाय चालत असेल, बाहेर पाटी असेल आणि ग्राहक येत असतील, तर ती खोली बिगरनिवासी धरली जाणे रास्त आहे आणि ‘घरच्याच माणसाचा छोटासा व्यवसाय आहे’ हे म्हणणे टिकत नाही. पण ती बिगरनिवासी नोंद त्या खोलीपुरतीच असली पाहिजे. पार्लर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत असेल तर १२० चौरस फूट बिगरनिवासी. मागचे स्वयंपाकघर, मधला बोळ आणि वरचा मजला निवासीच. संपूर्ण तळमजला बिगरनिवासी म्हणून नोंदला गेला असेल, तर आपल्या बिलातील वाढीचा सर्वांत मोठा भाग तेथे आहे असे समजा. वरच्या उदाहरणातील हिशेब पुन्हा पाहिला म्हणजे हे का म्हणतो ते कळेल. अशा हरकतीला खोलीचे मोजमाप, दोन्ही खोल्यांमधील दाराचे आणि आतील राहत्या भागाचे छायाचित्र, आणि घराचा मुख्य वीजमीटर निवासी दराचा असल्यास त्याचे बिल जोडावे.

व्यवसाय बंद झाला असेल तर तसे लेखी कळवण्याची जबाबदारी मालकाची असते आणि ती बहुतेक जण विसरतात. जेल रोड भागातील एका बंगल्याचे प्रकरण माझ्याकडे आले होते. तळमजल्यावरील दवाखाना डॉक्टरांच्या निवृत्तीनंतर बंद झाला, त्या खोलीत नातवंडांचा अभ्यास सुरू झाला, पण फाटकावरील वेळापत्रकाची पाटी आणि दवाखान्याचा व्यापारी वीजमीटर दोन्ही तसेच राहिले. घरपट्टी अर्थातच बिगरनिवासी दराने येत राहिली. आम्ही पाटी काढून घेतली, महावितरणकडे मीटरचा प्रकार बदलण्याचा अर्ज केला, बदल झाल्यानंतरचे बिल जोडून वापर बदलाचा अर्ज दिला आणि स्थळपाहणीची मागणी केली. पुढील आकारणी निवासी झाली. मात्र मागील वर्षांचा फरक परत मिळाला नाही, कारण त्या वर्षांत मालकांनी कोणतेही पत्र दिलेले नव्हते. सूनबाई पुढे पार्लर दुसरीकडे हलवणार असतील तर ज्या महिन्यात हलवतील त्याच महिन्यात पत्र द्यावे.

गच्चीवरील पत्र्याच्या खोलीबद्दल अधिक सावधपणे बोलले पाहिजे. तिची परवानगी घेतलेली आहे का, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझा सल्ला त्यावर अवलंबून आहे. परवानगी असेल तर खोली आकारणीत येणार हे गृहीत धरा आणि तिला पत्र्याच्या बांधकामाचा दर लागला की आरसीसी बांधकामाचा, एवढेच तपासा. संपूर्ण वरचा मजला सरसकट आरसीसी म्हणून लिहिला गेला असण्याची शक्यता असते. परवानगी नसेल तर अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली विनापरवाना बांधकामावर नेहमीच्या करापलीकडे शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे, ती आपल्या बिलात वेगळी दाखवली आहे का ते पाहा. असा कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि एक गोष्ट आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. हरकत घेतली की फेरमोजणी होऊ शकते, आणि फेरमोजणीत नोंदीपेक्षा अधिक क्षेत्र किंवा नोंदीत नसलेली बंद बाल्कनी सापडली तर बिल वाढूही शकते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी घर दाखवायला सांगतो आणि मगच हरकतीचा मसुदा करतो. ज्याच्या घरात नोंदीबाहेरचे बांधकाम बरेच आहे त्याने अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय फेरमोजणी मागू नये.

शेजाऱ्याच्या बिलाचा मुद्दा मनाला सर्वांत जास्त लागतो आणि सुनावणीत सर्वांत कमी चालतो, असा माझा अनुभव आहे. शेजाऱ्यांकडे पार्लर नसेल आणि गच्चीवर खोली नसेल तर तुलनाच होत नाही. शिवाय नाशिकमध्ये २०१८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून नव्याने आकारणीत येणाऱ्या मिळकतींसाठी भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले गेले, मोकळ्या भूखंडांचा प्रश्नही त्यात आला आणि शहरात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. तेव्हापासून एकाच गल्लीत जुनी आणि नवी आकारणी असलेली घरे शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्या बिलांतील तफावत ही नेहमीच चूक असते असे नाही. आपल्यासाठी यातून निघणारा खरा प्रश्न असा आहे की, १९९६ पासून आकारणीत असलेल्या आपल्या मूळ घराला या फेरआकारणीत जुनाच दर लागला आहे की वाढीव खोलीच्या निमित्ताने संपूर्ण घर नव्या दराने मोजले गेले आहे? दुसरी शक्यता खरी असेल तर हरकतीत स्वतंत्र परिच्छेद करून लिहावे की मूळ बांधकामात बदल झालेला नाही, त्याची आकारणी पूर्वीपासून अस्तित्वात आहे, म्हणून त्याला पूर्वीचाच दर कायम ठेवावा आणि नवा दर लावायचाच असेल तर तो वाढीव भागापुरता लावावा. ही मागणी मी अशा प्रत्येक प्रकरणात करतो. ती मान्य होईलच असे नाही, पण ती लेखी केलेली नसेल तर पुढे न्यायालयातही मांडणे अवघड जाते.

तुलना करायचीच असेल तर एकाच सोसायटीतील, एकाच वर्षी बांधलेली, तेवढ्याच क्षेत्राची आणि निव्वळ निवासी वापराची दोन-तीन घरे निवडून त्यांच्या उताऱ्यांतील दर चौरस फुटाचा दर दाखवावा. बिलाची रक्कम दाखवू नये, दर दाखवावा.

बिलात थकबाकी किंवा मागील वर्षांचा फरक दाखवला असेल, तर तो कोणत्या तारखेपासून धरला आहे ते पाहावे. आकारणीतून सुटलेल्या मिळकतीवर मागे जाऊन कर बसवण्याचा अधिकार कलम १५०-अ मध्ये आहे, परंतु त्याला सहा वर्षांची मर्यादा आहे आणि त्यासाठी नोटीस द्यावी लागते. पार्लर केव्हा सुरू झाले आणि खोली केव्हा बांधली, याचा पुरावा म्हणून शॉप अॅक्टची नोंदणी, पत्र्याच्या कामाचे बिल, असे जे काही असेल ते काढून ठेवा. खोली तीन वर्षांपूर्वीची असताना कर सहा वर्षांचा लावला असेल तर तेवढा भाग निश्चित कमी होतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, भरावे की न भरावे. भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीनंतर थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. आपल्या वादातील रक्कम सुमारे सात हजार आहे. तिच्यावर दरमहा १४० रुपये शास्ती, आणि प्रकरण दीड वर्ष रेंगाळले तर अडीच हजारांहून अधिक. पुढे जप्तीच्या नोटिशीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. अधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीत सूट मिळते, परंतु ती येईल या भरवशावर थकबाकी ठेवणे शहाणपणाचे नाही. याउलट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आगाऊ भरणाऱ्यांना सवलत मिळते. रक्कम भरल्याने हरकतीचा हक्क जात नाही. फक्त भरणा करताना ‘आकारणीविरुद्धची हरकत कायम ठेवून, निषेधासह भरणा करीत आहे’ असे पत्र त्याच दिवशी आवक करावे आणि पावतीची प्रत त्याला जोडावी. ऑनलाइन भरले तरी हे पत्र वेगळे द्यावेच. पूर्ण रक्कम भरणे खरोखरच शक्य नसेल तर किमान जुन्या आकारणीइतकी, म्हणजे वादात नसलेली रक्कम तरी भरावी.

हरकतीचा अर्ज लहान असावा. महापालिका कशी चालते, रस्त्यांची अवस्था काय आहे, पाणी किती वेळ येते, हे सगळे खरे असले तरी करयोग्य मूल्याच्या सुनावणीत त्याचा उपयोग होत नाही. कराचे टक्के ठरवण्याचा अधिकारही सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला नसतो. ते टक्के अधिनियमाप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत महासभेच्या पातळीवर ठरतात. अर्जात पहिल्या ओळीत इंडेक्स नंबर, पत्ता, विशेष नोटिशीचा क्रमांक व ती मिळाल्याची तारीख लिहावी. त्यानंतर प्रत्येक मुद्दा याप्रमाणे: ‘नोंदीत तळमजल्याचे बिगरनिवासी क्षेत्र अमुक चौरस फूट दाखवले आहे. प्रत्यक्षात दहा बाय बारा फुटांची एकच खोली व्यवसायासाठी वापरात आहे. सोबत अभियंत्यांचा नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. सबब बिगरनिवासी क्षेत्र १२० चौरस फूट धरून आकारणी दुरुस्त करावी.’ नोंद काय आहे, वस्तुस्थिती काय आहे, पुरावा कोणता आहे आणि मागणी काय आहे, इतके आले की मुद्दा पूर्ण झाला. शेवटी, आपल्या मते योग्य करयोग्य मूल्य किती होते त्याचा हिशेब स्वतः करून द्यावा. ‘कर कमी करावा’ एवढेच लिहिणाऱ्या अर्जावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही, पण हिशेब दिलेला असेल तर तो मान्य किंवा अमान्य करण्याचे कारण त्याला लिहावे लागते.

सुनावणीच्या दिवशी मूळ कागद सोबत ठेवावेत आणि बोलणे आपल्या घराच्या नोंदीपुरतेच ठेवावे. स्वतः जाणे शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन घरातील कोणाला तरी पाठवावे, कारण गैरहजर राहिल्यास हरकत फेटाळली जाण्याची शक्यता असते. तोंडी ‘करून देऊ’ असे आश्वासन मिळाले तरी लेखी आदेशाची प्रत मागावी. माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी यांच्यासाठी राज्याची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे. आपण त्या वर्गात येत असाल तर तो अर्ज या हरकतीत न मिसळता वेगळा करावा.

निर्णय विरुद्ध गेला तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे, म्हणजे नाशिकमध्ये दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तरावर, अपील करता येते. त्यासाठी मुदत अवघी १५ दिवसांची आहे, आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो आणि कराच्या मागणीविरुद्धच्या अपिलात वादातील रक्कम जमा केलेली असावी लागते. ‘एक रुपयाही भरू नका’ हा सल्ला देणाऱ्यांना ही शेवटची अट बहुधा ठाऊक नसते. सात हजारांच्या वादासाठी वकिलाचा खर्च परवडतो का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. पण ही वाढ एका वर्षाची नसते, ती दरवर्षी येत राहते, म्हणून क्षेत्राची किंवा वापराची मोठी चूक असेल तर अपील करण्यासारखे असते. दोन-चारशे रुपयांच्या फरकासाठी करू नये.

आपल्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही. मोजणीनंतर आणि बिलापूर्वी विशेष नोटीस आली होती का? करयोग्य मूल्य वाढवताना नियम १५ प्रमाणे ती मालकाला किंवा भोगवटादाराला स्वतंत्रपणे द्यावी लागते आणि हरकतीची मुदत तीवरच लिहिलेली असते. घरातील कोणी ती सही करून घेतली असेल आणि बिलांच्या फाइलमध्ये तशीच लावून ठेवली असेल, असेही होते. आधी घरात शोधा. नोटीस मिळालीच नसेल तर ‘विशेष नोटीस न देता केलेली वाढ’ हाच हरकतीचा पहिला मुद्दा करा आणि बजावणीचा पुरावा मागा. नोटीस सापडली आणि मुदतीचे दिवस शिल्लक असतील तर नकाशा, उतारे, छायाचित्रे यांची वाट न पाहता, मुद्दे थोडक्यात लिहून आणि ‘सविस्तर पुरावे सुनावणीपूर्वी सादर करीन’ असे नमूद करून हरकतीचा अर्ज उद्याच विभागीय कार्यालयात आवक करा. मुदत संपून गेली असेल तरीही उशिराचे कारण लिहून अर्ज द्यावा आणि त्यासोबत क्षेत्र व वापराच्या नोंदीत दुरुस्ती करण्याचा वेगळा अर्जही द्यावा, म्हणजे या वर्षीचे बिल कमी झाले नाही तरी पुढील वर्षाची आकारणी दुरुस्त होण्याचा मार्ग खुला राहतो.